एक वाजेपर्यंत कोरडं

शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय साडूभाऊ,

आधी तुम्हाला नमस्कार, मग तुमच्या उजव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण मागच्या पत्रात तुम्ही स्वतःपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त लिहिलं होतं. तो आता जिना चढू देतो का? ताईंचा खोकला थांबला असेल. तुमच्या दुकानातली घड्याळं आपापसात बोलून एकाच वेळेवर आली असतील अशीही आशा करतो (मागच्या खेपेला आलो तेव्हा भिंतीवर चौदा घड्याळं होती आणि मी जेवायला थांबावं की नाही याबद्दल त्यांचं एकमत नव्हतं). माझं बरं चाललंय. वजन थोडं उतरलंय, त्याचं कारण पुढे येईलच. तुमची मेहुणी कशी आहे? ‘माझी बायको’ असं लिहिणार होतो, पण हा शब्द वापरायची मला सध्या परवानगी आहे की नाही ते नक्की ठाऊक नाही, म्हणून तुमच्या नात्याने विचारतो. तुमचं नातं अजून शाबूत आहे.

पत्र वाचायची रीत आधी सांगून ठेवतो. कंसाबाहेरचं सगळं जेवणाच्या टेबलापाशी, सगळे बसलेले असताना, मोठ्याने वाचायला हरकत नाही. वाचाच. कंसातलं मात्र फक्त तुमच्यासाठी आहे. कंस आला की खोकायचं, पाणी प्यायचं, गुडघा चोळायचा आणि कंस संपला की पुढे जायचं (तुम्हाला हे जमेल. ताईंच्या समोर तुम्ही वर्षानुवर्षं मनातल्या मनात बोलत आला आहात).

प्रकरण तुम्हाला माहीत आहे, पण ते तुम्ही दोघी बहिणींकडून ऐकलंय, म्हणजे एकच बाजू दोनदा ऐकली आहे. झालं ते असं. मला बाइंडिंगच्या कामाला लागून एकतीस वर्षं झाली म्हणून मालकांनी दुकानातच छोटासा समारंभ ठेवला. कापायच्या टेबलावर स्वच्छ कागद पसरून चहा मांडला होता. मालकांनी भाषण केलं, ‘यांनी शिवलेलं पुस्तक कधी सुटलं नाही आणि एक वाजता यांच्या डब्यातलं सँडविच कधी बदललं नाही’ असं काहीसं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिथेच घात झाला. मी म्हणालो की त्या सँडविचचं काय एवढं, दोन पुठ्ठे आणि आत थोडा मजकूर. लोक हसले. समोरचे हसले की माझी जीभ सैल सुटते हे तुम्ही तुमच्या मुलीच्या लग्नात पाहिलंच आहे. मी पुढे म्हणालो की बाइंडिंगला अक्कल लागते, आणि सँडविच करण्याला स्वयंपाक म्हणायचं की नाही याचीच मला शंका आहे. लोक आणखी हसले. तुमची मेहुणी पहिल्या रांगेत बसली होती, तीही हसली. घरी आल्यावर तिने तुमच्याकडे यायला एक बॅग भरली आणि शांतपणे म्हणाली, “उद्यापासून तुमचं तुम्ही करा. टोमॅटो आणि चीजचंच करा. एक वाजेपर्यंत कोरडं राहिलं की कळवा, मी येईन.” दार आपटलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. तिने ते हळूच ओढून घेतलं.

त्याला तीन आठवडे झाले. पहिला आठवडा मी हे प्रकरण हसण्यावारी नेलं. दुसऱ्या आठवड्यात तुमचं पत्र आलं. त्यात तुम्ही अगदी सहज लिहिलंत की तुमच्याकडची वरची खोली रिकामीच आहे, आणि तुमच्या गल्लीतल्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर माणूस हवा आहे, आणि तुमच्या मेहुणीला इथल्या दवाखान्यातल्या त्याच कामाचा अनुभव असल्याने डॉक्टरांनी तिला पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत विचार करून सांगायला सांगितलंय. साडूभाऊ, अशा गोष्टी कुणी सहज लिहीत नाही. ते वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या तारखेला आता अकरा दिवस आहेत, आणि मला त्याआधी एक कोरडं सँडविच करायचं आहे.

तर पहिला दिवस. मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. मी शाकाहारी आहे, सँडविच करायचंय आणि टोमॅटो-चीजशिवाय आत आणखी काय घालतात ते नीटसं माहीत नाही असं म्हटल्यावर दुकानदाराने मांसाच्या फळीकडे जाणारा हात मागे घेतला आणि ‘मग टोमॅटो आणि चीजच उरतं’ असं माझ्या घरी कुणी गेल्यासारख्या आवाजात सांगितलं. ब्रेड, लोणी, चीज आणि अर्धा डझन टोमॅटो घेऊन आलो. पहिला टोमॅटो घरच्या सुरीने कापायला गेलो तर तो कापलाच जाईना, नुसता खाली दबत गेला आणि मग एकदम फुटला. समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरवर आणि माझ्या चष्म्यावर त्याचा सडा पडला. दुसऱ्याची तीच गत. तेव्हा मी कामाच्या पिशवीतून चामडं तासायची माझी सुरी काढली, उकळत्या पाण्याने धुतली, आणि तिसरा टोमॅटो आडवा कापला. आणि मी हातातलं काम विसरून उभा राहिलो.

तुम्ही कधी टोमॅटो आडवा कापून नीट पाहिलाय का? मी एकोणसाठ वर्षांचा आहे आणि मी पाहिला नव्हता. मी तो खाल्ला होता, पण खाणं आणि पाहणं यात किती अंतर आहे ते मला त्या सकाळी कळलं. आत खोल्या असतात. मधोमध एक खांब, त्याला धरून भिंती, आणि प्रत्येक भिंतीआड एक खोली. माझ्या टोमॅटोला पाच होत्या. प्रत्येक खोलीत हिरवट रस भरलेला आणि त्या रसात बिया अशा बसवलेल्या की एकीची दुसरीशी गर्दी नाही. कुणी बसवल्या असतील? मी चौथा कापला, त्यात चारच खोल्या निघाल्या. म्हणजे प्रत्येकाचा नकाशा वेगळा. सकाळचे सात वाजले होते, आठला मला निघायचं होतं, आणि मी ओट्यापाशी चष्मा पुसत टोमॅटोच्या खोल्या मोजत होतो. त्या दिवशी मला उशीर झाला आणि मालकांनी कारण विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं नाही.

टोमॅटो कापला, मीठ लावलं, दोन स्लाइसच्या मध्ये ठेवला, वर चीज ठेवलं आणि पाहिलं तर ते सगळं वेडंवाकडं, फुगलेलं, चारी बाजूंनी आ वासून बसलेलं. आता वेडीवाकडी वस्तू समोर आली की बाइंडर काय करणार? दाबणार. मी ते बटरपेपरमध्ये गुंडाळून दुकानात नेलं, पुस्तकं दाबायच्या लोखंडी शिकंज्यात दोन फळ्यांमध्ये ठेवलं, आणि चाक दोन वेढे फिरवलं. सवयीने तिसराही वेढा दिला. शिकंज्यात खालच्या बाजूला एका प्राध्यापकांचा प्रबंध आधीपासून दाबलेला होता हे मी विसरलो (विसरलो नव्हतो, पण मला वाटलं सँडविच काय करणार आहे). एक वाजता उघडलं तेव्हा सँडविचची जाडी एखाद्या शाळकरी वहीएवढी झाली होती आणि त्यातला सगळा ओलावा प्रबंधाच्या पहिल्या तीस पानांत गेला होता. प्रबंधाचा विषय होता जमिनीत ओलावा कसा मुरतो. प्राध्यापक मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी डाग मोजला, पानं उलटून तो कुठवर पोचलाय ते पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दाबलं नाही. त्या दिवशीची चूक अशी की ती तुम्ही केली नसती, ताईंनी केली नसती, आणि जगातल्या कुठल्याही स्वयंपाक्याने केली नसती. ती फक्त बाइंडर करू शकतो. सँडविच केलं, गुंडाळलं, दुकानात आलो आणि फळीवर उभं ठेवलं. एकतीस वर्षं मी आपल्या हाताने बनवलेली प्रत्येक वस्तू उभी ठेवली आहे, पाठ बाहेर, कड आत. पुस्तक आडवं टाकणाऱ्यांवर मी डाफरतो. एक वाजता काढलं तर वरच्या अर्ध्या भागात नुसता ब्रेड, आणि टोमॅटो, चीज, रस, सगळं खालच्या कडेला गोळा होऊन बसलेलं. मजकूर सगळा शेवटच्या पानावर गेला होता. मी ते खाल्लं. वरचा अर्धा भाग खाताना वाटत होतं की आपण उपाशीच आहोत, आणि खालचा खाताना शर्टही जेवला.

तिसऱ्या दिवशी मिठाची गंमत झाली. पहिले दोन दिवस घाईत पाहिलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी चकत्या ताटलीत मांडून त्यावर मीठ टाकलं आणि बूट घालायला गेलो. परत येऊन पाहतो तर ताटलीत पाणी. मला वाटलं छत गळतंय. वर पाहिलं, छत कोरडं. मग बसलो आणि नवीन चकती ठेवून, चिमूटभर मीठ टाकून, नुसता बघत राहिलो. थोड्या वेळाने चकतीच्या अंगावर बारीक थेंब आले, मग ते एकमेकांना भेटले, आणि बघता बघता ओघळले. कुणी पिळलं नाही, दाबलं नाही. चिमूटभर पांढऱ्या पुडीने आत लपलेलं पाणी नुसतं बोलावून घेतलं. मी तोंडात बोटं घातली. साडूभाऊ, ही गोष्ट तुमच्या मेहुणीला रोज सकाळी सहा वाजता माहीत असायची, आणि ती ते कुणाला न सांगता, केस विंचरत, एकीकडे माझी छत्री शोधून देत, करत होती. म्हणजे मीठ आधी लावायचं, पाणी काढून घ्यायचं, चकत्या स्वच्छ फडक्यावर टिपायच्या, आणि मग आत ठेवायच्या. आमच्याकडे ओल्या खळीवर कागद ठेवण्याआधी टिपतात तसंच. मला हे सुचायला तीन दिवस लागले, आणि मी स्वतःला ओलाव्यातला जाणकार समजतो (कार्डावर तसं छापलंही आहे).

चौथ्या दिवशी शहाणपणा सुचला की भाजूनच घ्यावं, म्हणजे प्रश्नच मिटला. तव्यावर दोन्ही बाजूंनी छान भाजलं, गरमागरम डब्यात घातलं आणि झाकण घट्ट लावलं. एक वाजता झाकण उघडलं तर झाकणाच्या आतून पाऊस पडला. खोटं नाही सांगत, थेंब पडले. डब्यात सकाळपासून वाफ कोंडून बसली होती. त्या दिवसाचं सँडविच चमच्याने खावं लागलं.

या सगळ्या काळात दुकानात माझी काय शोभा होत होती ते विचारू नका. मालक रोज एकला पाच मिनिटं असताना सहज म्हणून माझ्या टेबलापाशी यायचे. शिलाई विभागातल्या बायका हातातली सुई थांबवायच्या. मी डबा उघडला की दुकानभर एक सुस्कारा ऐकू यायचा. दहाव्या दिवशी माझे हात टेकले. मी ठरवलं की आता पाककृती शोधण्यात अर्थ नाही, आता जुनं पुस्तक उकलतात तसं करायचं. आमच्याकडे कधी कधी फार जुनं पुस्तक येतं, ज्याच्या बांधणीची रीत आता कुणाला येत नाही. तेव्हा आम्ही ते हळूहळू उलट्या क्रमाने सोडवतो, कुठला थर शेवटी लागला, त्याच्या आधी कुठला, करत करत त्या कारागिराच्या हातापर्यंत जातो. अडचण एवढीच होती की तुमच्या मेहुणीच्या हातचं एकही सँडविच शिल्लक नव्हतं. मी सगळी खाल्ली होती. हिशेब केला तर साडेआठ हजारांच्या वर भरतात. त्यातलं एकही ओलं नव्हतं, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की ते ओलं का नाही.

मग उरली फक्त माझी आठवण, तीही जिभेची. मी कामाच्या टेबलापाशी बसून डोळे मिटले आणि रिकाम्या तोंडाने सँडविच खाऊ लागलो. सावकाश. आधी ब्रेड. मग दाताला थोडं गार, चिकट असं काही, ते लोणी. लोणी कडेच्या घासालाही लागायचं, म्हणजे ते मधोमध थापलेलं नव्हतं, अगदी शेवटच्या टोकापर्यंत नेलेलं होतं. मग चीज. मग टोमॅटो. आणि मग, इथे मी डोळे उघडले, मग पुन्हा चीज. दात चीजला दोनदा भेटायचे. एकतीस वर्षं भेटत होते. वर चीज, खाली चीज, मध्ये टोमॅटो, आणि बाहेरून दोन्हीकडे लोणी. म्हणजे टोमॅटो ब्रेडला कधी शिवतच नव्हता. ते दोघे शेजारी राहायचे, पण मध्ये चार भिंती. आमच्या भाषेत सांगायचं तर तिने दोन्ही पुठ्ठ्यांना आतून दुहेरी अस्तर लावलं होतं. मी तसाच हात तोंडाशी धरून बसलो होतो. मालकांनी विचारलं की दाढ दुखतेय का. मी म्हणालो, नाही, मला जरा एकट्याला बसू द्या.

मला त्या दिवशी काय वाटलं ते सरळच लिहितो, आणि हे कंसाबाहेर लिहितो. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा जास्त मी थक्क झालो. मी एक चांगला कारागीर आहे असं लोक म्हणतात आणि मलाही ते पटलेलं आहे. पण माझ्या कामावर नाव असतं, शेवटच्या पानावर छोटासा शिक्का असतो, गिऱ्हाईक ते हातात घेऊन उलटंसुलटं करून बघतं आणि वाहवा करतं. तिचं काम मी रोज पंधरा मिनिटांत खाऊन टाकायचो आणि हात झटकायचो. आणि तरी दुसऱ्या दिवशी ती लोणी टोकापर्यंत न्यायची. टोकाकडे कोण बघणार होतं? मी तर बघत नव्हतो. एवढी वर्षं माझ्या शेजारी एक मोठा कारागीर झोपत होता आणि मी त्याला छत्री कुठे आहे एवढंच विचारत होतो.

त्यानंतरही लगेच जमलं असं नाही. लोणी फ्रिजमधून काढून लावलं तर ब्रेडचं कातडं सोलून निघालं. वितळवून लावलं तर ब्रेडनेच ते पिऊन टाकलं. ते आदल्या संध्याकाळी बाहेर काढून ठेवायचं असतं, नुसतं विसरल्यासारखं, हे कळायला दोन दिवस गेले. चीजच्या पट्ट्या ब्रेडच्या मापाच्या नसतात, म्हणून मी पट्टी आणि पेन्सिल घेऊन त्या जोडल्या, सांधा तिरका ठेवला म्हणजे त्यातून रस उतरणार नाही. कडा माझ्या सुरीने सरळ कापल्या, कारण ती तशाच कापायची. आणि आज, शुक्रवारी, सगळं दुकान गोळा झालेलं असताना, बरोबर एक वाजता मी डबा उघडला. खालची स्लाइस उचलून उजेडाकडे धरली. कोरडी होती. बोट फिरवलं. कोरडी. शिलाईतल्या सर्वांत जुन्या बाईंनी स्वतःचं बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. त्या कुणाच्याही कामाला सहसा मान हलवत नाहीत. मालकांनी चहा मागवला.

तेव्हा साडूभाऊ, अट पुरी झाली आहे असं कळवण्यासाठी हे पत्र. कळवलं की येईन, असं ती म्हणाली होती, आणि ती शब्दाची पक्की आहे (माझ्या दुर्दैवाने दोन्ही बाजूंनी). तिच्या गाडीची वेळ कळवा, मी स्टेशनवर येतो. त्या दवाखान्याच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा आणि दुसरा माणूस बघायला सांगा. ताईंना आदरपूर्वक नमस्कार. गुडघ्याला जपा, आणि निदान त्याला तरी सांगून ठेवा की मी सुधारलोय.

तुमचा आणि तूर्तास फक्त तुमचाच,
धाकटा साडू

ता. क. (शनिवार, दुपार) – बरं झालं, पत्र पेटीत टाकलं नाही. एक गोष्ट कळवायला हवी. गेल्या महिन्यात आमच्या दुकानाचं घड्याळ तुमच्याकडे दुरुस्तीला पाठवलं होतं, आठवतं? तुम्ही ते साफ करून, तेल घालून, ‘आता पंचवीस वर्षं बघायला नको’ असं लिहून परत पाठवलंत. ते वीस मिनिटं पुढे आहे. पलीकडच्या कारखान्याचा एकचा भोंगा रोज वीस मिनिटं उशिरा होतो म्हणून आम्ही महिनाभर कारखान्याला नावं ठेवत होतो. आज सकाळी कारखान्यातून एक माणूस वही शिवून घ्यायला आला तेव्हा पितळ उघडं पडलं. म्हणजे माझं सँडविच बारा चाळीसपर्यंतच कोरडं होतं. त्यामुळे आज मी भोंगा होईपर्यंत डब्याला हात लावला नाही. भोंगा झाला, उघडलं. एक कोपरा ओला होता. अंगठ्याच्या नखाएवढा. मालक म्हणाले, एवढं चालतं. शिलाईतल्या बाई सुई उचलून पुन्हा कामाला लागल्या. मला ठाऊक आहे की चालत नाही. तिचा कोपरा कधी ओला नव्हता. तेव्हा अट पुरी झाली आहे हे वरचं वाक्य खोडलं असं समजा. पानावर खोडत नाही, घाण दिसेल. मी नापास आहे.

दुसरा ता. क. (रविवार, सकाळ) – साडूभाऊ, तुम्हाला वाईट वाटू देऊ नका, पण तुमच्या घरी आलेलं पत्र तुमच्या हातात सगळ्यात शेवटी पडतं हे मला माहीत आहे. तुमच्या मागच्या दोन्ही उत्तरांचं अक्षर तुमचं होतं आणि शुद्धलेखन ताईंचं. म्हणजे वरचे कंससुद्धा ज्यांनी वाचायचे त्यांनी वाचलेच असणार. तेव्हा यापुढचं सरळ जिचं आहे तिलाच लिहितो. तुम्ही गुडघ्याला तेल लावून घ्या.

तिसरा ता. क. –

अगं, इतके दिवस ज्या कडा मी कापतोय, त्या मी एका पिशवीत टाकत होतो. आमच्या टेबलाखाली कागदाच्या कातरणाचं पोतं टांगलेलं असतं ना, तसं. आज ती पिशवी भरली. ती कुठे रिकामी करायची म्हणून मी स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि मला प्रश्न पडला की आपल्या घरात अशी पिशवी मी कधी पाहिली कशी नाही. बाइंडरला आपलं कातरण कुठे जातं ते नेहमी माहीत असतं. तुझं कुठे जात होतं ते मी एकतीस वर्षांत विचारलं नाही.

मग जागा शोधत कपाटाची वरची फळी बघितली. तिथे तो तुझा डबा होता, लांबट, अरुंद. भांड्यांच्या शेजारी वाळत घातलेला मी तो कितीतरी वेळा पाहिलाय. तू तो रोज दवाखान्यात न्यायचीस, म्हणून मला वाटायचं पेनं ठेवायचा असेल. आज पट्टी घेऊन मोजला. आत आठ कडा बसतात. चार खाली, चार वर. बरोबर बसतात, ना सैल ना घट्ट. शेजारी देठाकडचा टोमॅटोचा तुकडा ठेवायला बोटभर जागा उरते. मी भरून पाहिला.

मी चुकलो. ते मी लोकांना हसवायला बोललो, आणि तू पहिल्या रांगेत बसली होतीस.

सँडविचचा मधला भाग त्या डब्यात बसत नाही, तेही मोजून पाहिलं. म्हणून आत्ता जाऊन माझ्या डब्याच्या मापाचा चौकोनी डबा घेऊन आलोय. तो तुझा. रोज सकाळी भरायचं काम माझं, कडा माझ्याकडे. तुला तिथलं काम घ्यायचं असेल तर घे, त्यात माझं काही म्हणणं नाही. मी डबा भरून टपालाने पाठवत जाईन. टपालाला मात्र दोन दिवस लागतात आणि तिथवर ते कोरडं राहील अशी हमी मला देता यायची नाही. इथे असलीस तर फक्त पाच तासांचाच प्रश्न आहे.